चार जास्तीचे कागद

३ फेब्रुवारी, मंगळवार

फर्रर्र… फर्रर्र…

दाढी करताना हा आवाज कानात आला आणि हात गालावरच थांबला. नळ बंद केला, पंखा बंद केला. घरात काहीच फडफडत नव्हतं. मग ओळख पटली. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा आवाज होता तो. बावीस माणसं, प्रत्येकासमोर आतून दिवा लावलेली काचेची पेटी, आणि प्रत्येकाच्या डाव्या हाताच्या बोटांत अडकवलेले पाच-पाच कागद. एकेक कागद भरभर सोडला की चित्र नीट हलतं का ते दिसायचं. सगळे एकदम सोडायला लागले की शेतातून पाखरांचा थवा उठावा तसं व्हायचं.

त्यात एक आवाज उलटा असायचा. तपासनीसबाई डावखुऱ्या. पेन्सिल डाव्या हातात, म्हणून कागद उजव्या. त्यांची फरफर जरा कोरडी. मान वर न करताही कळायचं की बाई आपल्या मागच्या टेबलापर्यंत आल्या. पाठीमागे आम्ही त्यांना ‘निळी पेन्सिल’ म्हणायचो. जमलेल्या कागदावर त्या निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण करत. न जमलेल्यावर काहीच करत नसत, नुसता परत टेबलावर ठेवत. ते काहीच न करणं फार लागायचं.

चित्रांचा कारखानाच तो. शिवणयंत्रांच्या दुकानावरचा दुसरा मजला. जपानहून पार्सल यायचं. कुठल्या चित्रपटाचं ते कोणी सांगत नसे, नुसते दृश्यांचे आकडे. हात खाली असलेलं एक चित्र, हात वर गेलेलं एक चित्र. मधली सात-आठ आम्ही भरायची. धुळीचा कण कॅमेऱ्याखाली धोंड्याएवढा दिसतो म्हणून चपला-बूट बाहेर जिन्यात काढायचे. सहा वाजले की सगळे पायांत कसंबसं अडकवून धाडधाड उतरायचे. बाई सगळ्यांत शेवटी, पायरीवर बसून सावकाश बक्कल लावायच्या. माझं टेबल दाराजवळ, तिथून जिना दिसे.

हे आजच का आठवावं? वाचनालयात दर गुरुवारी पाच वाजता एका जपानी दिग्दर्शकाचे, हाताने काढलेल्या चित्रांचे चित्रपट दाखवणार आहेत. काल तो फलक वाचला. बहुधा त्यानेच आत कुठेतरी कागद सोडले.

ही डायरी मेहुण्याची. घड्याळदुरुस्तीच्या जुन्या दुकानाकडून त्याला दरवर्षी मिळते; यंदाची माझ्या गळ्यात मारली. “दाजी, दिवसभर शून्यात बघता ते इथे बघत जा,” म्हणाला. ही गेली त्यानंतर, सहा वर्षांपूर्वी, हा बहिणीच्या घरी चार दिवस राहायला आला होता. अजून ते चार दिवस चाललेत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काय माणूस आहे हा!

जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची गोष्ट. तो मोठ्या पातेल्याचं झाकण उचलतो, वाफ त्याच्या चष्म्यावर बसते, आणि तो थांबतो. चष्मा पुसत नाही, पाहतही नाही. वाफ आपोआप विरेपर्यंत आंधळ्यासारखा हसत उभा राहतो. गोष्टीला त्याची काही गरज नाही. गरज नसताना त्यांनी ते काढलं.

मी उभा जन्म पाठ्यपुस्तकांत चित्रं काढली. बेडकाची पचनसंस्था, पाण्याचा पंप, माणसाच्या डोळ्याचा उभा छेद. त्यातल्या बेडकाने कधी श्वास घेतला नाही. घेतला असता तर संपादकांनी खोडला असता.

मेहुणा बरोबर होता. सगळा वेळ स्टॉपवॉच हातात. “वाफ अकरा सेकंद टिकली,” म्हणाला. “खऱ्या पातेल्यावर चार टिकते.”

“मग?”

“मग काही नाही. मला अकराही कमी वाटले.”

१२ फेब्रुवारी

दुसरा चित्रपट. वाळत घातलेल्या चादरींतून वारा जातो. वारा काढता येत नाही, चादरी काढाव्या लागतात; पण यांनी एक चादर मुद्दाम हलवलीच नाही. सगळ्या फडफडतात, एक ओली जड चादर तशीच लोंबते, आणि तिच्यामुळे बाकीच्यांतला वारा खरा वाटतो. घरी येऊन तीन तास चादर काढत बसलो. चादर कसली, पुठ्ठा झाला.

शाळेत कवितेचे गुरुजी म्हणायचे की चांगल्या ओळीत एक शब्द असा हवा जो काहीच करत नाही. आम्हाला वाटायचं गुरुजींना झोप येते आहे.

मेहुण्याच्या स्टॉपवॉचच्या टिकटिकीबद्दल ग्रंथपालबाईंनी हटकलं. तो म्हणाला, “बाई, ही टिकटिक नाही, ही दाद आहे.”

१९ फेब्रुवारी

घाईत लिहितो आहे, अक्षर बिघडेल. बिघडू दे.

आजचा चित्रपट: डोंगरावरच्या हवामान-केंद्रात बापाबरोबर राहणारी दहा वर्षांची मुलगी. रोज सकाळी छतावर चढून वारा मोजायचा हे तिचं काम. बाप आजारी पडतो आणि औषधासाठी तिला पहिल्यांदाच एकटीने खाली गावात जायचं असतं. ती उंबऱ्यावर बसून बूट घालते. उजवा बूट घालते. डावा पाय उघडा. त्या पायाची बोटं आत वळतात, सुटतात. ती थांबते. मग डावा बूट उचलते.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मागून कोणीतरी म्हणालं, “आजोबा, खाली बसा की.”

बसलो. पुढचं काही दिसलं नाही.

ती बोटं माझी आहेत. ती चार चित्रं मी काढली आहेत.

२० फेब्रुवारी

मेहुण्याला सगळं सांगितलं. सहा वर्षं एका घरात राहून न सांगितलेलं सांगायला एक सकाळ पुरली. इथेही लिहून ठेवतो.

दृश्य क्रमांक दोनशे सतरा. पार्सलमध्ये दोन मुख्य चित्रं होती: मुलीचा उजवा बूट पायात गेला, मुलीचा हात डाव्या बुटाकडे गेला. मध्ये आठ भरायची होती. मी बारा भरली. मला ती मुलगी इतक्या लवकर निघेल असं वाटेना. पहिल्यांदा एकटीने बाहेर पडणारं माणूस असं फटाफट बूट घालून निघतं का?

“आठाच्या जागी बारा. चालतं असं?” मेहुण्याने विचारलं.

“मुळीच नाही. बरोबर वेळेचा तक्ता येतो. कुठलं चित्र किती वेळ ठेवायचं ते ठरलेलं असतं. आपण भर घालायची म्हणजे दुसऱ्याच्या कवितेत आपली ओळ घालायची.”

“आणि तुम्ही घातलीत.”

“घातली.”

चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी. एक चित्र एकाच चौकटीपुरतं ठेवलं की मी त्याला लघु म्हणायचो, दोन चौकटी ठेवलं की गुरू. बाकीचे लोक नुसते आकडे लिहायचे. मी समासात शाळेत शिकवल्यासारख्या खुणा करायचो, अर्धचंद्र आणि आडवी रेघ. म्हणून मला सगळे ‘कवी’ म्हणत. मंदाक्रांता वृत्तात पहिली चार अक्षरं गुरू आणि मग यती. “यती म्हणजे थांबणं नव्हे रे गाढवा,” गुरुजी म्हणायचे, “यती म्हणजे पुढच्या अक्षराची वाट बघणं.” त्या चार कागदांवर मी चार आडव्या रेघा मारल्या आणि पुढे एक उभा दंड: शेवटचं चित्र आणखी सोळा चौकटी धरून ठेवा.

मेहुण्याने बोटांवर हिशोब केला. “चार दुणे आठ, आठ आणि सोळा चोवीस. म्हणजे एक सेकंद?”

“एक सेकंद.”

“दाजी, एका सेकंदात माझं घड्याळ पाच वेळा टिकटिकतं. तेवढ्यात तुम्ही काय एवढं करून ठेवलंत, की तोंड असं झालंय?”

मग तेही सांगितलं. पार्सल गेल्यावर महिन्याभराने जपानहून पत्र आलं. “दृश्य २१७ मध्ये चार कागद जास्त आहेत. कोणी काढले, कळवावे.” मालकाने सगळ्यांना उभं केलं. मी तोंड उघडणार तोच तपासनीसबाई म्हणाल्या, “मोजणीत माझी चूक झाली.” ज्या बाईंनी तीन वर्षांत एक कागद मोजायला चुकवला नव्हता! मालक म्हणाला, असं असेल तर उद्यापासून येऊ नका.

मी काय केलं? पेन्सिलीला टोक काढत बसलो. आख्खी नवी पेन्सिल. संपेस्तोवर टोक काढलं. बाई उठल्या, टेबल पुसलं, दिवा बंद केला. जाताना माझ्या टेबलाशी क्षणभर थांबल्या असं वाटलं, पण मी मान वर केली नाही. बाकीचे सगळे आत बसलेले असताना त्यांना जिना एकटीने उतरावा लागला तो त्या एकाच दिवशी.

मेहुणा उठला. मग म्हणाला, “चहा टाकतो.” चहाची पाळी माझी होती.

२४ फेब्रुवारी

आता डोक्यात एकच किडा. ही बोटं मला सुचली कुठून? मी काही कल्पक माणूस नव्हे. मला दिसलं तर काढता येतं. बेडूकसुद्धा मी बरणीतला बघून काढला. मग ही बोटं कुठे बघितली? आईची? बहिणीची? एखाद्या कवितेत होतं का असं काही? जुनं पाठ्यपुस्तक माळ्यावरून काढून चाळलं. बोटं फुलांची, उन्हाची, सगळ्यांची आहेत, पायाची कुठेच नाहीत.

ग्रंथपालबाईंना मी दृश्य माझं असल्याचं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नसावा, पण बाई भली. “काका, या चित्रपटावर एक मोठं पुस्तक आहे, मागवते,” म्हणाल्या.

२७ फेब्रुवारी

पुस्तक आलं. दोन हातांनीच उचलावं लागतं. पान एकशे अठ्ठेचाळीस. समोर माझे चारही कागद छापलेले. समासात चार आडव्या रेघा आणि उभा दंड. खाली लिहिलंय म्हणे, ‘या खुणांचा अर्थ लागलेला नाही.’ मी ग्रंथपालबाईंना तिथेच टेबलावर ताल धरून मंदाक्रांतेची चाल म्हणून दाखवली. वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे, तिच्याच खाली.

मग त्यांनी पुस्तकातलं दिग्दर्शकाचं बोलणं आपल्या भाषेत करून सांगितलं. जसं ऐकलं तसं उतरवून आणलंय:

“हे दृश्य मी भराभर संपवलं होतं. काम करून आलं तर त्यात मी न मागितलेली चार चित्रं. आधी राग आला. मग ती हलवून पाहिली. कुठल्यातरी दूरच्या खोलीत कोणीतरी पायाकडे नीट पाहिलं होतं. त्यानंतर मी प्रत्येक चित्रपटात माणसांना थांबू दिलं. ती कोणी काढली हे मला जाणून घ्यायचं होतं, म्हणून पत्र लिहिलं. उत्तर आलं, चूक झाली, संबंधित व्यक्तीला कामावरून काढलं आहे. मी तो चित्रपट पाहतो तेव्हा या जागी नेहमी मान खाली घालतो.”

ग्रंथपालबाईंचे डोळे भरले. माझे नाही भरले. मी पान बघत राहिलो. इतका मोठा माणूस सत्तेचाळीस वर्षं मान खाली घालतो आहे. आणि मीही. आणि दोघांना कल्पना नाही.

म्हणजे ते पत्र तक्रारीचं नव्हतंच! ‘कोणी काढले, कळवावे.’ नुसतं कुतूहल होतं. आम्हीच त्यात धमकी वाचली.

२८ फेब्रुवारी

एक गोष्ट काल लिहायची राहिली. छापलेल्या चारही कागदांवर कोपऱ्यात निळी खूण आहे. बरोबरची खूण, उलट्या बाजूला झुकलेली, डाव्या हाताने केल्यासारखी. म्हणजे बाईंनी ते कागद पाहिले होते. चारही. पाहून पास केले होते. मग मालकासमोर ‘मोजणीत चूक’ का म्हणाल्या? नजरचूक झाली असती तर खूण नसती. काही उलगडत नाही.

मेहुण्याला विचारलं. त्याने डोळ्यावरचं भिंग काढून माझ्याकडे पाहिलं.

“दाजी, चित्रं तुम्ही झकास काढता.”

“बरं मग?”

“मग काही नाही,” म्हणाला, आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

२ मार्च

बोटं परत काढायची ठरवलं. आता जमतात का बघू, आणि काढता काढता कदाचित आठवेल कुठून आली. जेवणाच्या टेबलावर काच ठेवली, खाली दिवा. मेहुण्याने दोन पितळी खुंट्या बसवून दिल्या, कागद हलू नयेत म्हणून. केसाइतकाही फरक नाही. घड्याळवाल्याचे हात.

आधी माझाच पाय आरशात. माझी बोटं वळतात पण सुटत नाहीत, संधिवात. मग मेहुण्याला बसवलं.

“बूट घालायला बसलायस असं समज.”

“कुठे चाललोय?”

“पहिल्यांदा एकटा बाहेर.”

“या वयात? कोण सोडतंय?”

त्याच्या पायाला कुरूप आहे, आणि मॉडेल म्हणून बसल्यावर माणूस इतका ताठतो की पाय लाकडाचा वाटतो. चार मिनिटांत म्हणाला, मुंग्या आल्या.

पण एक लक्षात आलं. पुस्तकातल्या चित्रात अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. जपानहून आलेलं मूळ चित्र शेजारच्या पानावर छापलंय, त्यात तसं नाही. म्हणजे तेही माझंच. माझा अंगठा मोठा, मेहुण्याचाही.

“हिचं कसं होतं रे?” मी विचारलं. लाजच वाटली, नवऱ्याला आठवू नये.

“ताईचं? आमच्या घराण्यात सगळ्यांचा अंगठाच मोठा. आणि ताई तेव्हा तुमच्या आयुष्यात होती कुठे? त्यानंतर चार वर्षांनी तुम्ही आमच्याकडे बघायला आलात आणि दारातल्या कोनाड्याचं चित्र काढत बसलात.”

खरं आहे.

५ मार्च

पहिलं, दुसरं, चौथं चित्र जमतं. तिसरं जमत नाही. तिसऱ्यात काहीतरी चुकतं आणि हलवून पाहिलं की पाय लचकल्यासारखा वाटतो. सोळा वेळा काढलं. मेहुणा टोपली रिकामी करायला गेला तेव्हा म्हणाला, “आज सोळा पाय बाहेर टाकले. शेजारी पोलिसांना बोलावतील.”

आज चित्रपट होता, गेलो नाही.

८ मार्च

ग्रंथपालबाईंनी शनिवारी माझं भाषण ठेवलंय. भिंतीवर फलकही लागला: ‘त्या एका सेकंदाचे चित्रकार’. खाली माझा फोटो, पाठ्यपुस्तक मंडळाच्या निरोप-समारंभातला, हार घातलेला. मेहुणा म्हणाला, “फोटो असा आहे की लोक फुलं घेऊन येतील.”

खोटं कशाला लिहू, आनंद झाला. रस्त्याच्या पलीकडून तीन वेळा बघून आलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काही हललं आहे आणि लोकांना ते कळणार आहे.

पण ते सांगायचं तर बाईंचं सांगावं लागेल. ग्रंथपालबाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, “काका, तो भाग सांगायलाच हवा का? कार्यक्रम आनंदाचा आहे. शिवाय त्या कुठे असतील, असतील की नाही…”

दोन भाषणं लिहिली. एकात बाई नाहीत. एकात आहेत. पहिलं फार सुरेख झालंय, गुरुजी, मंदाक्रांता, दूरच्या खोलीतला उजेड. दुसरं वाचवत नाही.

१२ मार्च

मेहुण्याने दोन्ही वाचली, न विचारता.

“पहिलं झकास. टाळ्या पडतील.”

“आणि दुसरं?”

“दुसऱ्यात तुम्ही पेन्सिलीला टोक काढता ते मला दिसलं.” मग जरा वेळाने, “पण दाजी, एक सांगतो. पहिलं भाषण म्हणजे पुन्हा टोक काढणंच की.”

याला इतकं शहाणपण कुठून? आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं उघडून बसला म्हणून असेल.

१४ मार्च, शनिवार

झालं.

एकतीस माणसं, मेहुण्याने मोजली. आधी ते दृश्य दाखवलं, मग मी उभा राहिलो. हातातला कागद फरफरायला लागला. लोकांना वाटलं मी तंत्र दाखवतोय. दुसरं भाषण काढलं. वाचता येईना, म्हणून तोंडीच बोललो. चार कागद, पत्र, मालक, बाई. “त्या म्हणाल्या चूक माझी, आणि मी म्हणू दिलं,” एवढं म्हणालो आणि पुढचं वाक्य आलंच नाही. शांतता किती होती? मेहुणा म्हणतो सात सेकंद. मला तर सगळं वृत्त म्हणून झालं असेल.

टाळ्या पडल्या नाहीत. बरंच झालं. टाळ्या पडल्या असत्या तर मी कुठे बघितलं असतं?

ग्रंथपालबाईंनी प्रश्न विचारायला सांगितलं. एकाने विचारलं, पेन्सिल कुठली वापरता. मग शेवटच्या रांगेतून एक बाई उठल्या. पंचेचाळीसच्या असतील, खांद्याला जाडजूड पिशवी.

“त्या बाई डावखुऱ्या होत्या का?”

“हो. पण मी तर तसं बोललो नाही. तुम्हाला कसं कळलं?”

“तुम्ही खूण करून दाखवलीत, ती डाव्या हाताने,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. लोक किती बारीक बघतात!

नंतर त्याच बाई जवळ आल्या. मी नव्याने काढलेले चार कागद टेबलावर मांडले होते, ते त्यांना हवे होते. “घरी दाखवते.” मी म्हटलं, तिसरं चुकलंय. त्या म्हणाल्या, असू दे. मागे सही करून द्या म्हणाल्या, आणि पत्ताही. चित्रकार मंडळी देतात म्हणे तसं. मला काय ठाऊक, मला आजवर कोणी सही मागितली नव्हती! झोकात करून दिली. एक अनोळखी बाई आपले कागद जपून पिशवीत ठेवते, या वयात आणखी काय हवं?

येताना मेहुणा गालातल्या गालात हसत होता. “काय झालं?” तर म्हणाला, “काही नाही, घड्याळ पुढे धावतंय माझं.”

१७ मार्च

ग्रंथपालबाई जपानला पत्र लिहायचं म्हणतात. मी मजकूर सांगितला: चार कागद मी काढले. ज्यांना काढलं त्यांची चूक नव्हती. आपण मान खाली घालू नये. ती जागा माझी आहे.

पत्र गेलं. हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. हे सांगायचं होतं ते जपानला नाही.

२० मार्च

दोन दिवस जुने पत्ते हुडकतो आहे. शिवणयंत्रांच्या दुकानाच्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. जिना मात्र तोच. दुसऱ्या मजल्यावर हिशेबनीस बसतात, वर जाऊ दिलं नाही. सगळ्यांत खालच्या पायरीवर जरा टेकलो. थंडगार पायरी. काहीतरी आठवता आठवता राहिलं. रखवालदार म्हणाला, “आजोबा, बरं वाटत नाही का?” उठलो.

बोटांचं कोडंही तसंच. तिसरं चित्रही तसंच. आज सोडून दिलं. सगळंच काही उलगडायला हवं असं थोडंच आहे?

२४ मार्च, मंगळवार

दुपारी चार वाजता. मेहुणा खिडकीपाशी एक भिंतीवरचं घड्याळ उघडून बसलेला, मी वर्तमानपत्रावर डुलक्या घेत. घंटी वाजली.

“बघा कोण आहे ते, माझ्या हातात स्प्रिंग आहे,” मेहुणा ओरडला.

मी उठलो. चप्पल सापडेना. दाराशी पोचलो आणि कडीला हात घातला, तर दाराच्या पलीकडून आवाज आला.

फर्रर्र.

कोरडा. उलटा.

मला वाटलं पुन्हा कानातच वाजलं. कडी काढली. दार उघडलं तर समोर कोणीच नाही. मग खाली पाहिलं. खाली उतरणाऱ्या जिन्याच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून, जराशी तिरकी, पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. दारात चपला काढण्यापुरती. उजव्या पायात सँडल, बक्कल लावलेली. डावी सँडल काढून बाजूला ठेवलेली. डावा पाय थंड पायरीवर उघडा.

बोटं आत वळली. सुटली. एक, दोन, तीन, चार. आणि मग ती थांबली.

अंगठ्याशेजारचं बोट लांब होतं.

सहा वाजता रिकाम्या होणाऱ्या त्या जिन्यात मी हेच पाहत असायचो. रोज. दिवा बंद करायचं निमित्त करून, सगळ्यांत मागे राहून, तीन वर्षं. आणि गेला महिनाभर विचारत बसलो की हे मला कुठून सुचलं! त्यांनी मात्र कागद हातात घेताच ओळखला असणार स्वतःचा पाय.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. चूक माझी होती, एवढं तरी. तोंड उघडलं, आणि पुन्हा तेच. हातात टोक काढायला पेन्सिलही नव्हती.

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. उजव्या हातात माझे चार कागद होते. ते त्यांनी पुन्हा एकदा बोटांतून सोडले, कान देऊन ऐकल्यासारखे. डाव्या हातात निळी पेन्सिल. पहिल्यावर खूण, दुसऱ्यावर खूण, चौथ्यावर खूण. तिसरा कागद त्यांनी काहीच न करता खांद्यावरून मागे, माझ्याकडे धरला.

“कवी, यात आधी अंगठा वळतोय,” त्या म्हणाल्या. “आधी शेजारचं बोट वळतं, मग अंगठा. पुन्हा काढा. मी बसते इथे.”